विषबाधा झालेल्यांना वकील केव्हा भेटतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नघरी, ढाब्यावर किंवा रस्त्याकडेच्या गाडीवर चिकन खाऊन पंधरा-वीस जणांना विषबाधा झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत महिन्या-दोन महिन्यांनी येतेच, आणि तिचे शेवटचे वाक्य आता मला पाठ झाले आहे: 'सर्वांची प्रकृती स्थिर असून अन्नाचे नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठविण्यात आले आहेत.' त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, अहवालात काय निघाले आणि ज्यांची पोरे आठ-आठ दिवस सलाईनवर होती त्यांच्या हातात एक रुपया तरी पडला का, हे सांगणारी बातमी माझ्या वाचनात क्वचितच आली. यात बातमीदारांचा दोष नाही, कारण बहुतेक वेळा सांगण्यासारखे पुढे काही घडलेलेच नसते. मी साताऱ्यात सत्तावीस वर्षे वकिली करते आणि त्यातली काही वर्षे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर होते. पुढे काही का घडत नाही, याबद्दल माझे जे मत बनले आहे ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, दूषित चिकन खाऊन आजारी पडलेल्या माणसासाठी आपल्याकडे कायदा आहे, भरपाईची तरतूद आहे, फुकट वकीलसुद्धा आहे. परंतु ज्या पुराव्यावर हे सगळे उभे राहायचे तो पहिल्या दोन दिवसांत मोरीत वाहून जातो आणि वकील भेटतो तो दोन-चार महिन्यांनी. कायदेशीर मदत कोर्टाच्या पायरीवर न देता दवाखान्यातल्या खाटेपाशी द्यायला हवी.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्येभावाच्या नातीचा चौथा वाढदिवस होता. रविवारी दुपारी शंभरेक माणसांचे जेवण, बिर्याणी एका केटररकडून मागवलेली. (त्याचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण लवकरच न्यायप्रविष्ट होणार आहे.) सोमवारी पहाटे पहिला फोन आला, दुपारपर्यंत एकतीस माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी झाली होती, आणि जिचा वाढदिवस होता त्याच पोरीला शौचावाटे रक्त जाऊ लागले. ती नऊ दिवस दवाखान्यात होती. पहाटेच्या त्या फोनवर मी काय सांगितले, तर साखर-मिठाचे पाणी द्या आणि उजाडले की डॉक्टरकडे न्या. ते योग्यच होते. पण वकील असूनही मी हे सांगितले नाही की उरलेली बिर्याणी टाकू नका, झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, आणि औषध सुरू होण्याआधी शौचाचा नमुना घ्यायला सांगा. दोन्ही डेगा तर केटररची माणसे रविवारी रात्रीच घेऊन गेली होती. उरलेले दोन डबे होते ते माझ्या वहिनीने सोमवारी सकाळी संतापाने उकिरड्यावर ओतले आणि राखेने घासून पालथे घातले. पुरावा इतका स्वच्छ धुतलेला मी फौजदारी वकिलीतही पाहिलेला नाही.

पुढच्या गोष्टी तशाच क्रमाने घडल्या. गावातल्या डॉक्टरांनी सकाळीच प्रतिजैविक सुरू केले, त्यामुळे मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत 'आता कल्चर (म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून काही उपयोग नाही' असे सांगण्यात आले. केसपेपरवर निदानाच्या रकान्यात इंग्रजीची तीन अक्षरे आहेत, ए.जी.ई., म्हणजे आतड्याचा तीव्र दाह. ही अक्षरे उन्हाळ्यात उसाचा रस पिऊन आलेल्याच्या पेपरवरही असतात. त्यात 'चिकन' नाही, 'एकाच जेवणातले एकतीस रुग्ण' नाही, जेवणाची वेळ नाही. अन्न सुरक्षा अधिकारी आले ते चौथ्या दिवशी, आणि तोवर शिजवलेले काहीच शिल्लक नसल्यामुळे त्यांनी केटररच्या गोदामातून तिखट, तेल आणि तांदूळ यांचे नमुने घेतले. यथावकाश अहवाल आला, आणि तिखट, तेल, तांदूळ उत्तम दर्जाचे होते. दरम्यान केटरर पाच हजार रुपये घेऊन घरी येऊन गेला, 'आपण रोजचे पाहुणेरावळे, कोर्टकचेरी कशाला' म्हणाला, आणि भावाने एका कोऱ्या कागदावर 'तक्रार नाही' असे लिहून दिले. मला हे सारे तीन आठवड्यांनी कळले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तो वाटतो तितका दुबळा नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ साली संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून सर्वत्र लागू आहे. त्याच्या कलम ६५ नुसार, अन्न तयार करणाऱ्याने, पुरवणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने ग्राहकाला इजा पोचवली तर न्यायनिर्णय अधिकारी किंवा न्यायालय त्याला भरपाई देण्याचा आदेश देऊ शकते. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजेसाठी कमाल ३ लाख आणि इतर इजांसाठी कमाल १ लाख. ही रक्कम घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यायची आहे, आणि मृत्यू झाला असेल तर तीस दिवसांत अंतरिम मदत द्यायची आहे. आकडे २००६ सालचे आहेत आणि त्यानंतर औषधोपचाराचा खर्च कुठल्या कुठे गेला, हे खरे. पण कलम ६५ तोंडपाठ असलेले वकील आमच्या बार रूममध्ये मी शोधले तेव्हा मला एका हाताची बोटे पुरली. कलम ५९ मात्र सर्वांना ठाऊक असते. असुरक्षित अन्नामुळे गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत कैद, मृत्यू झाला तर किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान १० लाख रुपये दंड, असे ते कलम आहे. शिक्षेची चर्चा गावभर होते, दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, आणि भरपाईचा विषय आजारी माणसाने स्वतः काढल्याशिवाय निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

लोक साहजिकच पोलीस ठाण्यात धावतात, आणि तेथेही एक खाचखळगा आहे. अन्नभेसळीसंबंधी भारतीय दंड संहितेत जी २७२ व २७३ ही कलमे होती, त्यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात असे ठरवले की, अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ५९ जेथे लागू होते तेथे ही जुनी कलमे चालणार नाहीत, कारण विशेष कायदा वरचढ ठरतो. मृत्यूला कारणीभूत ठरण्याचा गुन्हा वेगळा. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द येथे चिकन शोर्मा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला तेव्हा पोलिसांनी दोघा विक्रेत्यांना अटक केलीच होती. पण जेथे कोणी दगावलेले नाही, तेथे केवळ पोलीस ठाण्यातल्या तक्रारीवर विसंबून राहिलेला माणूस पुढे तांत्रिक मुद्द्यावर हात हलवत परततो, आणि तोवर अन्न प्रशासनाकडे जाण्याची वेळ टळलेली असते.

अन्न सुरक्षा कायद्यातले कलम ४० तर मी कनिष्ठ वकिलांना गंमत म्हणून वाचून दाखवते. खरेदीदाराला स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, अहवाल चौदा दिवसांत मिळतो, आणि नमुना सदोष निघाला तर शुल्क परत मिळते. फक्त अट अशी की, हा माल मी तपासायला देणार आहे, असे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितले पाहिजे. अर्धा किलो चिकन घेताना किंवा तंदुरीचे पार्सल बांधून घेताना असे सांगणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे, आणि सांगितल्यावर त्याला तेच चिकन मिळेल असेही मला वाटत नाही. ज्याला विषबाधा झाली त्याला ती होणार हे आधी माहीत नसते, एवढी साधी गोष्ट मसुदा करताना कोणाच्या लक्षात आली नाही.

उलट ज्या तरतुदी कामाच्या आहेत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. 'असुरक्षित अन्न' या शब्दाची जी लांबलचक व्याख्या कायद्यात आहे, तिच्यात अस्वच्छ परिस्थितीत तयार केलेले, बांधलेले किंवा ठेवलेले अन्नही येते. म्हणजे बिर्याणीत कोणता जंतू होता हे प्रयोगशाळेने सांगितले नाही, तरी कच्चे चिकन आणि शिजवलेले चिकन एकाच ओट्यावर, एकाच सुरीखाली होते, मॅरिनेट केलेले पातेले दुपारभर उघड्यावर होते, आचाऱ्याला हात धुवायला पाणी नव्हते, हे पहिल्या दिवशीच्या पंचनाम्यात आले तर प्रकरणाला पाय फुटतात. शिवाय आपल्या हद्दीतल्या विषबाधेच्या घटनांना प्रतिसाद देणे आणि वरिष्ठांना अहवाल पाठवणे हे नियमांनीच अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरवले आहे. चौथ्या दिवशी तिखटाचा नमुना घेतल्याने ते कर्तव्य पार पडत नाही. या अधिकाऱ्यांकडे मोठे कार्यक्षेत्र आणि अपुरे मनुष्यबळ असते हे मी जाणते, त्यांच्यातल्या काहींशी माझी ओळखही आहे; पण त्यांना वेळेवर खबर देणारी व्यवस्थाच नसेल तर ते चौथ्या दिवशीच येणार.

ती खबर देण्याची तरतूदही कायद्यात आहे. कलम ३५ नुसार, विशिष्ट भागातील नोंदणीकृत डॉक्टरांनी त्यांच्या पाहण्यात आलेली विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळवावी, अशी अधिसूचना अन्न प्राधिकरण काढू शकते. 'काढू शकते' या दोन शब्दांत सगळे अडकले आहे. डॉक्टरांना कळवणे बंधनकारक असते तर आमच्या पोरीच्या केसपेपरवर तीन अक्षरांऐवजी तीन ओळी असत्या.

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे कोंबडीच्या आतड्यात सहज राहणारे जंतू आहेत. पक्षी ठणठणीत दिसतो आणि कापताना, धुताना ते मांसावर येतात. पुरेशा आचेवर पूर्ण शिजवले की ते मरतात. नळाखाली कच्चे चिकन धुण्याची आपली सवय मात्र त्यांना ओटाभर पसरवते. वकिलाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, तर साल्मोनेलाची लक्षणे दिसायला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागतो, आणि कॅम्पायलोबॅक्टरला साधारण दोन ते पाच दिवस. त्यामुळे माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. बुधवारी पोट बिघडले की मंगळवारच्या वडापाववर आळ येतो आणि रविवारचे चिकन निर्दोष सुटते. म्हणूनच मागच्या पाच-सहा दिवसांत काय काय, कोठे आणि कोणाबरोबर खाल्ले हे पहिल्याच दिवशी लिहून काढणे हा प्रकरणाचा पाया असतो. महिन्याभरानंतर उलटतपासणीत विरोधी वकील नेमके तेच विचारतो, आणि 'आठवत नाही' या उत्तरावर खटला संपतो.

पुण्यात जानेवारी २०२५ पासून सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या, पोटाच्या संसर्गानंतर उद्भवू शकणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा हे सारे मोठ्या प्रमाणावर दिसले. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, अनेकांचे हातपाय लुळे पडले, काही दगावले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशयाची सुई मुख्यतः पाण्याकडे होती, तरी अर्धवट शिजवलेल्या चिकनचीही चर्चा झाली आणि खडकवासला परिसरातल्या पोल्ट्रींमधून नमुने घेतले गेले. तेथे किमान प्रश्न तरी विचारता आला, कारण मेंदूविकारतज्ज्ञांनी रुग्णवाढ वेळेत ओळखली, राष्ट्रीय विषाणू संस्था शहरातच होती आणि शौचाचे नमुने तपासले गेले. हीच गोष्ट पाटण किंवा माण तालुक्यात घडली असती तर किती केसपेपरांवर ए.जी.ई. लिहून ते कपाटात गेले असते?

येथे पोल्ट्रीवाल्या शेतकऱ्यांसाठीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर हे पत्र त्यांच्या पोटावर येईल. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला तेव्हा आणि पुन्हा २०२० मध्ये कोरोनाच्या अफवांनी कोंबडी कवडीमोल झाली तेव्हा ज्यांचे कंबरडे मोडले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा काडीचा दोष नव्हता. करार पद्धतीत तर पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची शेड आणि राबणूक, आणि त्याला किलोमागे ठरलेला मोबदला. त्यामुळे भरपाईची नोटीस काढताना कोंबडी कोणी वाढवली यापेक्षा ती कोणाच्या मालकीची होती, कोठे कापली, कोणी शिजवली आणि शिजवल्यावर किती तास ठेवली हे आधी शोधले पाहिजे. पुरावा नेमका असेल तर अफवा पसरत नाही आणि जो चुकला त्यालाच भोगावे लागते. पुराव्याची पद्धत ठरवणे हे पोल्ट्रीवाल्यांच्याही हिताचे आहे, हे मी त्यांच्या एका मेळाव्यात सांगितले होते. टाळ्या पडल्या नाहीत, पण कोणी उठूनही गेले नाही.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, आणि सामान्य माणसासाठी मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये 'वस्तू' या शब्दाच्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी ठरवणारे स्वतंत्र प्रकरण कलम ८२ ते ८७ मध्ये आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. आयोगाचे शुल्क मागितलेल्या भरपाईवर नसून वस्तूसाठी मोजलेल्या पैशावर ठरते, आणि ते पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क शून्य आहे. म्हणजे अडीचशे रुपयांच्या पार्सलमुळे दोन लाखांचे बिल झाले तरी जिल्हा आयोगाचे दार फुकट उघडते. ज्याने पैसे दिले त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहकच ठरतो, त्यामुळे पंगतीतल्या पाहुण्यालाही तक्रार करता येते. (कायद्याच्या विद्यार्थ्यांना येथे १९३२ चा डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा निकाल आठवेल. ज्या पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली, तीही पिणारीने नव्हे तर तिच्या मैत्रिणीने विकत घेतली होती.) एकाच जेवणाने बाधित झालेल्या अनेकांच्या वतीने एक-दोघांनी आयोगाची परवानगी घेऊन तक्रार करण्याची सोय याच ग्राहक कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती आजारपणात, मग कंटाळ्यात आणि मग विसरण्यात कशी जाते ते कळतही नाही.

प्रश्न उरतो तो पुराव्याचा, आणि याबाबतीत मला परदेशातले एक प्रकरण फार बोलके वाटते. अमेरिकेत २०१३-१४ मध्ये फॉस्टर फार्म्स या कंपनीच्या चिकनशी जोडलेल्या साल्मोनेला हायडेलबर्गच्या साथीत २९ राज्ये आणि पोर्तो रिकोमध्ये मिळून ६३४ रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यापैकी एका लहान मुलाच्या कुटुंबाने ॲरिझोनातल्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांच्याकडे खाल्लेल्या चिकनचा तुकडा शिल्लक नव्हता. होते ते एवढेच की, मुलाच्या शरीरातून मिळालेल्या जंतूची जनुकीय ओळख साथीतल्या जंतूशी जुळत होती, आणि ती साथ त्या कंपनीच्या चिकनकडे बोट दाखवत होती. २०१८ मध्ये ज्यूरीने एकूण नुकसान ६५ लाख डॉलर ठरवले, त्यात ३० टक्के जबाबदारी कंपनीची आणि उरलेली घरात चिकन हाताळणाऱ्यांची धरली, आणि कंपनीला साडेएकोणीस लाख डॉलरचा भार उचलावा लागला. घरच्यांवर ७० टक्के ठपका ठेवणे मला कठोर वाटते, विशेषतः तेथे कच्च्या चिकनमधला साल्मोनेला सरसकट बेकायदा धरला जात नसताना. पण मुद्दा वेगळा आहे. अन्नाचा नमुना नसतानाही दावा उभा राहिला, कारण दवाखान्याने जंतू वेगळा काढून त्याची नोंद ठेवली होती. एक कल्चर केले होते, एवढाच तो फरक.

तेथे आणखी एक गोष्ट आहे. अशा दाव्यांचेच काम करणाऱ्या वकिलांच्या कचेऱ्या तेथे आहेत, त्या जाहिरात करतात, रुग्णाला शोधत येतात आणि जिंकल्यावरच फी घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरातीची बंदी आहे आणि निकालावर अवलंबून फी ठरवण्याचीही. हे नियम असावेत असेच माझे मत आहे. दवाखान्याच्या दारात वकीलपत्राचे कोरे कागद घेऊन उभे राहिलेले सहकारी मला पाहायचे नाहीत. परंतु याचा अर्थ असा की, आपल्याकडे विषबाधा झालेल्या माणसाकडे आपण होऊन कोणी वकील येणार नाही. ती जागा भरण्यासाठीच विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सर्व महिला आणि बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. महिला व बालकांना उत्पन्नाची अट मुळीच नाही. विषबाधेच्या रुग्णांत बायका-मुलेच किती असतात हे पाहिले तर बहुतेक कुटुंबे या मदतीत बसतात. प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक फिरवला की काम सुरू व्हायला हवे, पण उलट्या करणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला तो क्रमांक कोण सांगणार?

म्हणून माझी मागणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आहे. त्यांच्याकडे प्रशिक्षित विधी स्वयंसेवक आहेत, जे तुरुंगात जातात, पोलीस ठाण्यांत बसतात, गावोगाव शिबिरे घेतात. एकाच जेवणातले तीन-चारहून अधिक रुग्ण जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात आले की त्यांच्यापैकी एकाने त्याच दिवशी तेथे पोचावे. त्याने वकिली करायची नाही. डॉक्टरांना विनंती करून पहिल्या प्रतिजैविकाआधी दोघा-तिघांच्या शौचाचा नमुना घ्यायला लावावा, केसपेपरवर जेवणाची तारीख, वेळ आणि पदार्थ लिहून घ्यावेत, उरलेले अन्न घरच्यांकडून थंड जागी ठेवून घेऊन अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवावे, आणि कोणी काय खाल्ले व कोण आजारी पडले याची एक साधी यादी करावी. खासगी दवाखान्यांनीही अशा वेळी शासकीय रुग्णालयाला कळवावे, आणि ते त्यांच्या मर्जीवर राहू नये यासाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३५ ची अधिसूचना निघावी. न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी इजेच्या प्रत्येक प्रकरणात दंडाबरोबर कलम ६५ च्या भरपाईचा विचार केला की नाही, हे निकालपत्रात लिहिण्याची सक्ती असावी. यापैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

वर ज्या यादीचा उल्लेख केला ती आमच्या घरच्या प्रकरणात मी उशिरा, फोन करून करून तयार केली, आणि तिच्यातून एक गोष्ट निघाली जी त्या गोंधळात कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. त्या दिवशी पंगतीत बारा माळकरी पाहुणे होते. त्यांच्यासाठी घरातच वेगळ्या पातेल्यात मसालेभात केला होता. पाणी तेच, कोशिंबीर तीच, केक तोच, मांडवही तोच. आणि त्या बारांपैकी एकालाही काही झाले नाही. आजारी पडलेल्या एकतीस जणांपैकी प्रत्येकाने बिर्याणी खाल्ली होती. प्रयोगशाळेचा अहवाल नाही, डेग नाही, डबा नाही. केटररला आगाऊ दिलेल्या १८,५०० रुपयांचा बँकेचा मोबाइल संदेश, नऊ दिवसांचे डिस्चार्ज कार्ड आणि ही यादी, एवढेच आहे. भावाने लिहून दिलेला 'तक्रार नाही'चा कागद विरुद्ध बाजू नाचवणार, हेही मला माहीत आहे; आजोबाने पाच हजारांवर सोडून दिलेला हक्क चार वर्षांच्या मुलीलाही बांधून ठेवतो का, हा प्रश्न मी आयोगापुढे मांडणार आहे.

दोन वर्षांची मुदत पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेला संपते. आतापर्यंत चौदा जणांनी शपथपत्रावर सही केली आहे. माळकऱ्यांपैकी आठ जण पंढरीहून परतले की रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे.

आपली,
एक वकील वाचक, सातारा